खेंगट : उष्ट्याकडून चुलीकडे

१

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. गेल्या हिवाळ्यात पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी एक साधा प्रकल्प दिला होता. प्रत्येकाने आपल्या घरी थंडीच्या दिवसांत होणारा एक पदार्थ निवडावा, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला त्याविषयी विचारावे आणि मिळेल ती माहिती चार पानांत लिहून आणावी. वह्या आल्या. त्यांत आमच्याच समाजातील एका मुलीची वही होती. आईवडील दोघेही मजुरी करणारे. तिने भोगीच्या भाजीवर लिहिले होते. पण जे लिहिले होते ते तिच्या घरचे नव्हते. मटार, फ्लॉवर, साजूक तूप, वरून ओले खोबरे. मी तिला बाजूला बोलावून विचारले, "हे तुमच्या घरी असं होतं?" ती खाली बघत म्हणाली, "नाही सर. आमच्याकडं नुसतं खेंगट असतंय. ते काय लिहायचं?"

"ते काय लिहायचं?" हा प्रश्न त्या एकट्या मुलीचा नाही. तिच्या वयाचा असताना मलाही तोच प्रश्न पडला असता. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. पदवी घेईपर्यंत मी शेकडो पाने इतिहास वाचला, पण त्यात माझ्या आजीच्या चुलीवर काय शिजत होते याचा उल्लेख मला कोठेही सापडला नाही. जे पुस्तकात नाही ते लिहिण्याजोगे नाही, असे मी धरून चाललो. त्या मुलीने माझ्या हातात वही दिली तेव्हा ही चूक किती जुनी आहे आणि ती पुढच्या पिढीतही कशी उतरली आहे, हे माझ्या ध्यानात आले. म्हणून हा लेख. जे नुसते खेंगट असते त्याचा इतिहास काय, हे येथे मांडावयाचे आहे.

२

खेंगट म्हणजे थंडीतली मिसळीची भाजी. सोलापूर, सातारा, सांगली या भागांत हा शब्द सर्रास ऐकू येतो. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे साधारणपणे १३ जानेवारीस, भोगी असते. त्या दिवशी घरोघर ही भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. शहरात तिला भोगीची भाजी म्हणतात, कोठे लेकुरवाळी भाजीही म्हणतात. 'न खाई भोगी तो सदा रोगी' अशी म्हणच आहे.

माझे गाव सोलापूर जिल्ह्यातले. माझे बालपण १९९० नंतरच्या दशकातले. आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात असे. दिवस मावळता मावळता ती परतली की पदरात बांधून आणलेले चुलीपुढे सोडी. दोन-चार वांगी, हरभऱ्याचे डहाळे, तुरीच्या ओल्या शेंगा. आम्ही भावंडे शेंगा सोलायला बसत असू. सोलता सोलता निम्मे दाणे तोंडात जात आणि आई हातावर चापट मारी. चुलीत तुराट्या तडतडत. जर्मनच्या पातेल्यात करडईचे चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, मग वांग्याच्या फोडी, असलेच तर गाजर, छपरावरच्या वेलाच्या वालाच्या शेंगा, सोललेले दाणे, मूठभर शेंगदाणे आणि पातेले भरून पाणी. शेवटी तिळाचे कूट, काळे तिखट, चिंचेचा कोळ आणि दाटपणासाठी येसर. कधी मूठभर बोरेही त्यात पडत. वाकळ पांघरून चुलीपुढे बसायचे आणि भाकरी कुस्करून वर हे गरम खेंगट ओतून घ्यायचे. त्या चवीविषयी मी आणखी लिहिणार नाही. आठवण गोड असते, परंतु तेवढ्याने इतिहास होत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून त्या पातेल्याकडे पाहिले तर पहिली गोष्ट दिसते ती अशी, की ज्याला आपण हजारो वर्षांची अखंड परंपरा म्हणतो ती तशी अखंड नाही. तीळ फार जुना. हडप्पा येथील उत्खननात तो सापडला आहे. वांगे याच भूमीतले. पण मिरची आणि भुईमूग ही दोन्ही अमेरिका खंडातली पिके. १४९८ साली पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले, त्यानंतर ती आपल्याकडे आली. म्हणजे तिखट आणि शेंगदाणे घातलेली आजची भोगीची भाजी ही पुराणकाळापासून चालत आलेली असू शकत नाही. माणसाला जे मिळत गेले ते तो पातेल्यात घालत गेला. प्रश्न एवढाच उरतो की, कोणाला काय मिळत होते आणि ते कोणत्या वाटेने मिळत होते.

३

पाकशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रश्न नसतो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली छापले गेले. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोचली. या पुस्तकांची उपयुक्तता मी नाकारीत नाही. परंतु अशा पुस्तकांत कृतीचा आरंभ साहित्याच्या यादीपासून होतो. साहित्य घरात आहेच, हे गृहीत असते. ते कोणाच्या शेतातून आले, कोणी काढले, कोणी डोक्यावर वाहून आणले, हे यादीच्या आधीचे असते आणि ते लिहावयाचे नसते.

आमच्या घरी कृतीचा आरंभ यादीच्या बराच आधी होत असे. शेंगदाणे होते ते सरव्याचे. भुईमूग काढून मालकाचे गाडे घरी गेले की बायका आणि पोरे त्या रानात उकरत बसत; ढेकळांत राहिलेल्या शेंगा वेचत. हरभरा आणि तूर येई ती मजुरीबरोबर. काढणीला गेलेल्या बाईने निघताना पेंढीभर डहाळे उचलले तर बहुतेक मालक काही बोलत नसत. बोलले तर ते डहाळे तिथेच टाकून यावे लागत. वांगी येत ती बाजारात न खपणारी, किडकी, वाकडी. चिंच गावठाणातल्या झाडाची. बोरे बांधावरची, ज्याच्या हाती लागतील त्याची. तीळ वाण्याकडचे, पुडीत बांधलेले, आणि ते बहुधा उधारीचे. पूर्णपणे आमचे म्हणता येईल असे एकच होते, ते म्हणजे छपरावर चढवलेला वालाचा वेल.

शेतजमिनीचा सातबारा असतो. त्यावर मालक कोण आणि कसणारा कोण याच्या नोंदी असतात. आमचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हते. पण गावातली कोणती शेते कोणाची, कोणता मालक देतो, कोणता हात आखडतो, कोणाच्या बांधावर पाय ठेवायचा नाही, हे सगळे त्या पातेल्यातल्या भाजीवरून सांगता येत होते. ज्यांच्याजवळ कागद नाही त्यांचा दस्तऐवज अशा ठिकाणी शोधावा लागतो.

४

या दस्तऐवजाचे पहिले पान मात्र खेंगटाचे नाही. ते दुसऱ्याच एका मिसळीचे आहे. ती मिसळ मी पाहिलेली नाही. आजीने पाहिलेली आणि खाल्लेली होती.

माझ्या आजीचे लग्न १९५० च्या आसपास झाले, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. तिचे सासरे गावचे वेसकर होते. महारकीचे वतन. सरकारी सारा पोचवायचा, टपाल न्यायचे, चावडीवर पाहुण्यांची सरबराई करायची, सरपण फोडायचे, मेलेली जनावरे ओढायची आणि रात्री वेस राखायची. या सगळ्याच्या बदल्यात खळ्यावर बलुते आणि पाळीच्या दिवसांत गावातून मागून आणलेली भाकरी. संध्याकाळी वेसकर हातात काठी आणि खांद्यावर घोंगडे घेऊन घरोघर फिरे. दारासमोर लांब उभे राहून हाक घालायची. आतून बाई येई, वरून भाकरी टाकी आणि गाडग्यात कोरड्यास ओती. एका घरचे पिठले, दुसऱ्या घरची आमटी, तिसऱ्या घरची सकाळची भाजी, चौथ्या घरचे काय ते ओळखूही येत नसे. वीस घरांचे एकाच गाडग्यात. ते आणून चुलीवर पुन्हा उकळायचे आणि घरातल्या सगळ्यांनी खायचे.

आजी एकदा खेंगट ढवळता ढवळता म्हणाली होती, "तीबी मिसळच व्हती रं लेका, आन् हीबी मिसळच. पर ती मिसळ गावानं केल्याली. कुनाचं काय पडंल ते आपल्या हातात नव्हतं."

मी तेव्हा लहान होतो. त्या वाक्यात किती अर्थ आहे हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. दोन्ही पातेल्यांत अनेक जिन्नस एकत्र होते. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसली असती. फरक चवीचा नव्हता. आजी तर सांगे की, गावातल्या काही घरांचे कोरड्यास आमच्या भाजीपेक्षा चांगले असे, त्यात तेल असे. फरक एवढाच होता की, पहिल्या मिसळीत काय असावे हे दुसरे ठरवत होते आणि दुसरीत काय असावे हे चुलीपुढे बसलेली बाई ठरवत होती.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. ग्रामव्यवस्थेच्या अभ्यासकाला तो ग्रंथ टाळता येत नाही. पण तेथे बलुत्याकडे पाहण्याची नजर प्रामुख्याने ते देणाऱ्याची आहे. कुणब्यावर किती भार पडतो, हा तेथील हिशेब आहे. गाडग्यात पडलेले घरी आणून उकळणाऱ्या बाईचा हिशेब मांडावयाचा राहून गेला आहे. ग्रामव्यवस्थेत सगळे एकमेकांवर अवलंबून होते, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. अवलंबून तर होतेच. परंतु एकाने उंबऱ्याच्या आत उभे राहून टाकायचे आणि दुसऱ्याने बाहेर उभे राहून झेलायचे, याला परस्परावलंबन म्हणावयाचे असेल तर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

५

उष्ट्याकडून चुलीकडे येण्याची ही वाट कोणी दयेने मोकळी करून दिलेली नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपल्या सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक असावयासच हवे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती. मेलेल्या जनावराचे मांस सोडा आणि शिळे-उष्टे तुकडे मागणे सोडा. पाण्याइतकाच हा अन्नाचाही सत्याग्रह होता. तळ्यावरचा सत्याग्रह इतिहासात नोंदला गेला. तुकडे सोडण्याचा सत्याग्रह मात्र हजारो घरांत, एकेका संध्याकाळी, उपाशी पोटी झाला. त्याची नोंद कोण ठेवणार?

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. वतनदार महाराला सरकारी काम करावे लागते, पण त्याचे पोट मात्र गावकऱ्यांच्या मर्जीवर टाकलेले असते, हे त्यांचे म्हणणे होते. विधेयक संमत झाले नाही. वतन नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. महाडपासून मोजले तर एकतीस वर्षे.

आमच्या घरी मात्र कायद्याची वाट पाहिली गेली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आमच्या वाड्यातून तेथे गेलेले दोघे-तिघे परत आले आणि त्या थंडीत वाड्याने ठरवले की, यापुढे गावाची मेलेली जनावरे ओढायची नाहीत आणि भाकरी मागायला जायचे नाही. गावाने त्याचे उत्तर दिले. रानात कामाला बोलावणे बंद झाले, दुकानात माल मिळेना, गुरांना बांधावर चारा मिळेना. आजीला तेव्हा अठरावे-एकोणिसावे वर्ष होते. ती सांगे की, त्या हिवाळ्यात पातेल्यात वालाच्या शेंगा, चिंचेचे पाणी आणि मीठ याशिवाय फारसे काही नसे. ज्वारीच्या कण्या असल्या तर त्या त्यातच पडत. सासरे जेवताना गप्प असत. एके रात्री ते म्हणाले, "ह्यात कुनाचं काय न्हाई." आजीने हे वाक्य मला अनेकदा सांगितले, पण ते सांगताना ती कधी रडली नाही. मला वाटते, आमच्या घरातले पहिले खेंगट ते. त्याआधी थंडीत भाज्या एकत्र शिजल्या नसतील असे नाही. परंतु ज्यात कुणाचे काहीच नाही असे पातेले त्या साली पहिल्यांदा चुलीवर चढले.

६

येथे इतिहास संपला असता तर तो विजयाचा इतिहास झाला असता. तसे झाले नाही. मागणे सोडता येते. भूक सोडता येत नाही. भाजी शेतात पिकते आणि शेत दुसऱ्याचे होते. उष्टे नाकारणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच मालकाच्या बांधावर कामाला जावे लागत होते. दादासाहेब गायकवाडांनी हे अचूक ओळखले होते. १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला. हजारो स्त्रीपुरुष तुरुंगांत गेले. 'कसणाऱ्याला जमीन' या मागणीचा अर्थ आमच्या चुलीच्या भाषेत सांगावयाचा तर असा की, वालाच्या वेलाबरोबर वांग्याचा वाफाही आमचा असावा. ती मागणी मोठ्या प्रमाणावर अपुरीच राहिली. माझ्या घरी आजही शेत नाही.

नंतर १९७२ चा दुष्काळ आला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. त्या वर्षी खेंगट झालेच नाही. मिलो नावाची लाल ज्वारी आणि वाटपाची सुकडी यांवर माणसे जगली. आजी खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेली. दुष्काळी कामांतूनच रोजगार हमी योजना विस्तारली, तिच्यामागे वि. स. पागे यांचा पुढाकार होता आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. या कामांवर जातिभेद नव्हता असे नाही. पाण्याचे माठ तेथेही वेगळे होते, असे आजी सांगे. पण मजुरी मालकाच्या ओसरीवर नव्हे, तर हजेरीपटावर अंगठा उठवून मिळत होती. दुष्काळ सरल्यानंतरच्या एका हिवाळ्यात आजीने आठवड्याच्या बाजारातून स्वतःच्या पैशाने गाजरे आणि चांगली, न किडलेली वांगी विकत आणली. ती सांगे की, बाजारात तिने वांगी हातात घेऊन, दाबून, निवडून घेतली आणि भाजीवाली काही बोलली नाही. भाजी निवडून घेणे ही माझ्या विद्यार्थ्यांना आज क्षुल्लक गोष्ट वाटेल. जिच्या गाडग्यात वरून ओतले जात होते, तिला ती क्षुल्लक वाटत नव्हती.

७

आता एका अडचणीच्या प्रश्नाकडे यावयास हवे. भोगी हा हिंदूंचा सण. धम्मदीक्षेनंतर आपण जुने सण सोडले. मग भोगीची भाजी का सोडली नाही? चळवळीतल्या काही मित्रांनी मला हा आक्षेप स्पष्टपणे सांगितला आहे.

आजीने हा प्रश्न कोणतेही पुस्तक न वाचता सोडवला होता. १९५६ नंतर तिने भोगी केली नाही, सुगडे पुजली नाहीत, वाण वाटले नाही. भाजीला तिने भोगीची भाजी म्हणणेही सोडले. खेंगटच म्हणायचे, आणि ते पौषातल्या ठरावीक दिवशीच नव्हे तर थंडीत जेव्हा जमेल तेव्हा करायचे. तिचे म्हणणे असे की, तीळ आणि बाजरी कोणत्या देवाने पिकवलेली नाही. ती आपण काढली आहे. माझ्या मते परंपरेच्या बाबतीत हा विवेक महत्त्वाचा आहे. जे कर्मकांड होते ते तिने टाकले. जे श्रमातून आले होते ते ठेवले.

त्यात पुढे आणखी एक भर पडली. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केल्यावर मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. त्यानंतर सोळा वर्षे लढा चालला. तो निर्णय आला त्या दिवशी संक्रांत होती. मी सहा वर्षांचा होतो. रेडिओभोवती जमलेली माणसे आणि एकमेकांना मिठ्या मारणारे म्हातारे एवढेच मला आठवते. पुढे दरवर्षी आमच्या वाड्यातून काही जण विद्यापीठाच्या कमानीला वंदन करण्यासाठी १३ तारखेच्या रात्रीच्या एस.टी.ने निघू लागले. त्यांच्यासाठी वाड्यातल्या बायका मोठ्या पातेल्यात खेंगट करू लागल्या आणि सोबत भाकऱ्या बांधून देऊ लागल्या. दिवस तोच, भाजी तीच. पण आता तिचे कारण आमचे होते.

आणखी एका गैरसमजाला जागा राहू नये. मी भाजीविषयी लिहितो आहे म्हणून आमचे अन्न सात्त्विक होते, असे कोणी समजू नये. याच पातेल्यात सुकट शिजली आहे, याच चुलीवर चान्या भाजल्या आहेत. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात गोमांस आणि अस्पृश्यता यांच्या संबंधाची ऐतिहासिक मीमांसा केली आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही बंदी आहे, आणि कोण काय खातो यावरून माणसाची किंमत ठरविण्याची जुनी खोड नव्या कायद्यांच्या आधाराने परत येताना आपण पाहतो आहोत. अशा वेळी भाजीचा गौरव करून मांसाला लपविणे हे आपल्याच पूर्वजांना पुन्हा वेशीबाहेर काढण्यासारखे होईल. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींवर केलेले काम आणि शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे पुस्तक या दृष्टीने प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असावयास हवे.

८

शेवटी एक गोष्ट आपल्याच घराविषयी. चूल आपली झाली, पण चुलीपुढचा क्रम बदलला का? आमच्या घरी आधी आजोबा आणि वडील जेवत, मग आम्ही मुलगे, मग बहीण, मग आजी आणि सर्वांत शेवटी आई. खेंगटातली वांगी आणि दाणे वरच्यावर संपत. आईच्या वाट्याला तळाचा रस्सा आणि पातेल्याची खरवड येई. तिने वीस वर्षे रानातून जे पदरात बांधून आणले, त्यातले तिच्या ताटात किती पडले असेल? मी हे तेव्हा पाहिले होते. कधी विचारले नाही. वेसकराच्या गाडग्यात काय पडावे हे गाव ठरवत होते, याची आपल्याला चीड येते आणि ती रास्त आहे. पण आईच्या ताटात काय पडावे हे कोण ठरवत होते? उष्टे नाकारणाऱ्या घरात उरलेसुरले खाणारी बाई शिल्लक राहिली असेल, तर महाडला सांगितलेले काम अजून पुरे झालेले नाही, असेच म्हणावे लागते.

खेंगटही आता कमी झाले आहे. उजनी धरण १९८० साली पुरे झाले, आणि त्याचे पाणी जिथे जिथे पोचले तिथे तिथे ज्वारी-करडई-हरभऱ्याच्या रानांत ऊस आला. उसात सरवा नसतो. बांधावरच्या बोरी तुटल्या. घरांवर पत्रे आणि स्लॅब आले आणि वालाचा वेल गेला. आजी २०११ साली वारली. आई आता बाजारातून पाव किलो मिसळ भाजी आणते. भाजीवाले भोगीच्या आदल्या दिवशी ती आयतीच वाटे लावून विकतात. ती खाताना मला जुने दिवस परत यावेत असे मुळीच वाटत नाही. त्या दिवसांत पुष्कळ उपासमार होती. परत यावी ती नोंद, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या मुलीची वही मी तिला परत दिली आणि सांगितले की, मटार-फ्लॉवर खोडून टाक आणि आजीला विचार, खेंगटातले काय काय कुठून यायचे. दोन आठवड्यांनी तिने नवी वही आणली. चारऐवजी अकरा पाने होती. तिच्या आजीने चार गावच्या मालकांची नावे, कोणत्या साली कोणत्या रानात काय मजुरी मिळाली ते, आणि कोणत्या विहिरीवरून हाकलले गेले ते, सगळे सांगितले होते. शेवटच्या पानावर मुलीने पेन्सिलीने विचारले होते, "सर, हे मार्कांसाठी चालेल का?"

मी तिला पूर्ण गुण दिले. पण तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर एका शिक्षकाने देऊन भागणारे नाही. अशा आज्या अजून हयात आहेत, पण फार दिवस असणार नाहीत. जे शिक्षक आहेत त्यांनी हा प्रकल्प आपापल्या वर्गात द्यावा. जे विद्यार्थी आहेत त्यांनी या सुट्टीत घरी गेल्यावर चुलीपुढे, आता गॅसपुढे, बसून विचारावे, आणि लिहून घेताना सर्वांत शेवटी कोण जेवायचे हेही विचारावे.